शेपट्या सोडा, कल्ले बघा

पाऊस ओसरला, मुळशी-ताम्हिणीकडचे ओढे निवळले. ते आटायच्या आत दगड उलटून पाण्यातल्या किड्यांची पिल्लं बघून घ्यायची. चहाची गाळणी, पांढरी बशी, भिंग. एवढं तुमच्यापाशी असेलच. गाळणी दगडाच्या खालच्या अंगाला धरली की सुटलेला जीव धारेबरोबर तिच्यातच येतो, हेही तुम्ही जाणता. माझं भांडण पुढचं आहे.

पिल्लू बशीत पडलं रे पडलं की सगळे शेपट्या मोजायला लागतात. तीन असल्या तर मेफ्लाय, दोन असल्या तर स्टोनफ्लाय. झालं! अहो, हे म्हणजे देवळाबाहेरच्या चपलांवरून आत कोण बसलंय ते सांगणं झालं. एखादी चप्पल कुत्र्याने पळवलेली, एखादीचा अंगठा तुटलेला, आणि दोघांच्या सारख्याच निघाल्या तर बघायलाच नको. शेपटीही अशीच हाताळताना तुटते. काही मेफ्लायना तर मुळातच दोन असतात. चपला राहू द्या, आत जाऊन तोंड बघा. इथे तोंड म्हणजे कल्ले.

बशी सावलीत ठेवा आणि जरा दम धरा. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना, ओळीने. साचल्या पाण्यात प्राणवायू कमी पडू लागला की काही जातींत ते भराभर हलू लागतात. आपल्याकडच्या स्टोनफ्लायचे कल्ले छातीशी, पायांच्या मुळाशी, झुपक्यांनी. तिला प्राणवायू कमी पडला तर ही बया चक्क जोर काढते! तरी शंका उरली तर भिंगातून पायाचं टोक पाहा. मेफ्लायला एक नखी, स्टोनफ्लायला दोन.

हिमालयाच्या मानाने सह्याद्रीत स्टोनफ्लायच्या जाती थोड्या. मग दर सहलीनंतर ‘स्टोनफ्लाय सापडली’ म्हणून फोटो येतात ते कशाच्या जोरावर? दोन शेपट्यांच्या! कल्ले त्या फोटोत धड दिसतसुद्धा नाहीत.

टाचणी आणि चतुर या उडत्या किड्यांच्या पिल्लांनाही हाच नियम लावा. टाचणीच्या पिल्लाच्या टोकाला तीन पानं असतात, तेच त्याचे कल्ले. तीही गळतात, पुन्हा उगवतात. चतुराचे कल्ले बाहेर शोधूच नका, ते गुदाशयात. पाणी आत घ्यायचं, जोरात मागे सोडायचं आणि पुढे सुटायचं, अशी त्याची चाल. नेमकी जात मात्र पिल्लावरून सांगायची घाई नको. या किड्यांवर लिहिणाऱ्या फ्रेझरसाहेबांचे १९३३ ते १९३६ मधले तीन खंड आहेत खरे, पण त्यांचा भर उडत्या चतुर-टाचण्यांवर. पिल्लांचं काम अजून… असो, तो विषय मोठा आहे.

वाळूचे कण चिकटवून घर बांधणारी कॅडिसची अळी राहिलीच की! पुष्कळींचे कल्ले पोटावर असतात, पण घराने झाकलेले. ते बघायला घर फोडू नका. ती आपणहून डोकं बाहेर काढते तेव्हा… बरं, वेळ संपली. बशी त्याच ओढ्यात रिकामी करा, दगड होता तसा ठेवा.