‘घरचीच’ म्हणजे पगार किती?

(छत्रपती संभाजीनगर इथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला भाषण येत नाही. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटी कामगार आहे. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलंत. पण आज कविता वाचणार नाही, हिशेब वाचणार आहे. हिशेब माझ्या बहिणीचा आहे आणि याच शहरातल्या एका घराचा आहे.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती घरकामाला लागली. पहिल्या घरात आडनाव विचारलं, मग तिचा कप वेगळा झाला, मग खिडकीत ठेवला गेला. तिसऱ्या महिन्यात तिने ते काम सोडलं. ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात असा एक कप आहे. त्यावर आपण पुष्कळ लिहिलं, पुष्कळ बोललो.

आज मी दुसऱ्या घराबद्दल बोलणार आहे. ते घर आपलं आहे.

सिडकोतलं घर. सर कॉलेजात शिकवतात, मॅडम ऑफिसात. हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो. आठ महिन्यांचं बाळ. त्याला सांभाळायला अक्का तिथेच राहते, रात्रंदिवस. पगार नऊ हजार, खाऊनपिऊन. पहिल्याच आठवड्यात तिने फोन केला. म्हणाली, “भाऊ, इथं कप वेगळा नाही. मॅडमसंगं एकाच टेबलावर चहा घेते मी. सर म्हणतात, तू घरचीच हायेस.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटलं.

मग पावसाळ्यात मी देवगिरी एक्स्प्रेस पकडून आलो. अक्काचं स्वतःचं पोरगं चार वर्षांचं आहे. ते मुकुंदवाडीत मायजवळ असतं. सिडको ते मुकुंदवाडी, रिक्षाने पंधरा मिनिटं. पोराला अक्का किती वेळा भेटते? महिन्यातून दोनदा, तेही मॅडमना सुटी असली तर. मी पोराला उचललं तर ते विचारतं, “मामा, माय कव्हा येनार?” मी गप्प. तिची माय पंधरा मिनिटांवर दुसऱ्याच्या लेकराला जोजवत होती.

त्या दिवशी मी अक्काला एक काम सांगितलं. गोदीत जहाजातून माल उतरतो तेव्हा टॅली ठेवतात, किती पोती उतरली त्याच्या रेघा मारतात. म्हटलं, तू टॅली ठेव. कॅलेंडरच्या मागे रेघा मार. किती वाजता उठलीस, किती वाजता पाठ टेकलीस, रात्री किती वेळा उठलीस.

महिन्याने रेघा मोजल्या. सकाळी सहा ते रात्री दहा. मधे जेवण, अंघोळ, जरा पाठ टेकणं, असे दोन तास सोडा. राहिले चौदा. तीस दिवसांचे 420 तास. पोराच्या दोन भेटींचे दहा वजा करा. 410. रात्र यात धरलेली नाही. रात्री बाळ कधी दोनदा उठतं, कधी पाचदा. अक्काचं अंथरूण पाळण्याशेजारी, हॉलमध्येच. ट्रंक जिन्याखाली.

नऊ हजार भागिले 410. तासाला 21 रुपये 95 पैसे.

आता ताडून बघा. केंद्र सरकारने 2019 मध्ये मजुरीची तळातली पातळी जाहीर केली, दिवसाला 178 रुपये. तेव्हाच सगळे म्हणाले, ही थट्टा आहे. त्या थट्टेचाही आठ तासांनी भागाकार केला तर तासाला 22 रुपये 25 पैसे येतात. अक्का त्या थट्टेच्याही खाली. त्याच वर्षी सरकारच्याच तज्ज्ञ समितीने सांगितलं होतं, माणसासारखं खायचं तर दिवसाला 375 पाहिजेत, महिन्याला 9,750. म्हणजे तासाला जवळजवळ 47 रुपये. त्या दराने अक्काच्या नुसत्या दिवसाच्या तासांचे 19 हजारांच्या वर होतात. जादा तासांचा दुप्पट दर नाही धरला. रात्र नाही धरली. आणि हे भाव 2019 चे.

हा कागद घेऊन मी सरांकडे गेलो. सर चांगला माणूस आहे. खुर्ची दिली, चहा दिला. कागद वाचला. म्हणाले, “अरे, पण राहणं, जेवण, साबण, तेल, सगळं आमचं. ते धर ना.”

दोस्तांनो, हा मुद्दा नीट ऐका, कारण सगळे हाच मुद्दा काढतात. मी गोदीत रात्रपाळी करतो तेव्हा डोक्यावर शेडचं छप्पर असतं. त्याचं भाडं माझ्या मजुरीतून कापतात का? छप्पर कामाला लागतं, माझ्या चैनीला नाही. अक्का सिडकोत का झोपते? मुकुंदवाडीत तिला जागा नाही म्हणून? नाही. रात्री दोन वाजता बाळ रडतं म्हणून. राहणं ही तिची गरज नाही, कामाची गरज आहे. कामाची गरज मजुराच्या पगारात घालून त्याला मोबदला म्हणायचं, ही जुनी चाल आहे. आपल्या बापजाद्यांना भाकरतुकडा देऊन गावकी करून घेतली, तेव्हाही हेच सांगितलं होतं. खायला घालतो ना?

सरांचा दुसरा मुद्दा: “बाळ झोपतं तेव्हा ती बसूनच असते की.”

यावर मी त्यांना माझ्या आज्याची गोष्ट सांगितली. आज्या गोदीत होता. आधी गोदीचा कामगार गेटावर उभा राहायचा. मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. दिवस गेला तो गेला. जहाजाचा नेम नाही म्हणून मजुरीचा नेम नाही. मग 1948 मध्ये गोदी कामगारांचा कायदा झाला, त्याखाली मुंबईत डॉक लेबर बोर्डाची योजना आली. नाव रजिस्टरवर आलं. रजिस्टरवरचा माणूस हजर राहिला आणि काम निघालं नाही, तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. म्हणजे काय मान्य झालं? वाट बघणं हेसुद्धा काम आहे. तुझा वेळ तुझा नाही, मालकाच्या हाकेला बांधलेला आहे, तर तो वेळ मालकाने विकत घेतला आहे. ओझं उचल की नको उचलू.

आज मी कंत्राटी आहे. आज्याला मिळालं ते मला नाही. म्हणून मला पक्कं ठाऊक आहे, लिहून घेतलेला हक्कसुद्धा हातून जातो. मग जो कधी लिहिलाच नाही त्याचं काय होत असेल?

सर थोडे रागावले. भिंतीकडे हात करून म्हणाले, “आपल्याच माणसाकडून असा पै-पैचा हिशेब मागतोस? त्यांना काय वाटेल?”

त्यांना काय वाटेल ते त्यांनी करून ठेवलं आहे. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कारखान्यातल्या कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला तो 1946 च्या दुरुस्तीने. किमान वेतनाचं विधेयकही त्याच काळात मांडलं गेलं, 1948 मध्ये त्याचा कायदा झाला. आठवड्याचे 48 म्हणजे महिन्याचे 208 तास. अक्काचे 410. फोटोखाली बसून सांगा, यातला कुठला आकडा घरचा?

पण सरांचं ते वाक्य, ‘आपल्याच माणसाकडून’, मला झोपू देईना. कारण हे आपण आधीही ऐकलं आहे. मी तेव्हा शाळेत होतो. 12 डिसेंबर 2013, न्यूयॉर्क. भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. महाराष्ट्राची मुलगी, आपल्या समाजातून वर गेलेली अधिकारी. कपडे उतरवून झडती घेतली. देश खवळला. दिल्लीत अमेरिकन वकिलातीसमोरचे अडथळे सरकारने हटवले. आपणही खवळलो. ते बरोबरच होतं. बाईच्या अंगाला असा हात लावायचा अधिकार कुणाला नाही.

पण भांडण मुळात कशावरून होतं? घरात राहून मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या पगारावरून. सरकारी वकिलांचा आरोप असा की व्हिसाच्या कागदावर तासाला 9.75 डॉलर लिहिले, आणि दुसरा करार होता महिन्याला 30 हजार रुपयांचा. त्यांच्या हिशेबाने तासाला 3.31 डॉलर. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. मार्च 2014 मध्ये आरोपपत्र राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर रद्द झालं, दोन दिवसांत नवं दाखल झालं. खरं-खोटं ठरवणारा मी कोण? मी एवढंच विचारतो, त्या दिवसांत आपण मोर्च्याचे बोर्ड रंगवले, लेख लिहिले, तेव्हा त्या दुसऱ्या बाईचे तास आपल्यातल्या किती जणांनी मोजले? एका बाईच्या अपमानाचं ओझं उचलताना दुसरीला आपण दाराबाहेर ठेवलं. मीसुद्धा. तेव्हा पोरगा होतो, पण नंतरही आठवलं नाही. अक्काच्या रेघा मोजल्या तेव्हा आठवलं.

वरचा खालच्याला राबवतो ही गोष्ट सांगताना आपला आवाज चढतो. आपला आपल्याला राबवतो तेव्हा तो आवाज कुठे जातो?

तर रास्त काय, ते कसं ठरवायचं? मी काही डोक्यातून काढलेलं नाही. युनियनच्या ऑफिसात एका जुन्या कार्यकर्त्याने मला वाचून दाखवलं. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी ठराव केला, क्रमांक 189, आणि सोबत शिफारस 201. भारताने बाजूने मत दिलं, पण अजून त्यावर शिक्कामोर्तब केलेलं नाही. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. 18 ते 60 वयाच्या घरकामगाराची तिथे नोंदणी होते. पण त्या कायद्यात पगाराचा आकडा नाही. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं, घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर एका कागदावर एवढं लिहा:

1. कामाचे तास आठ. त्यावरचे मोजायचे आणि जास्त दराने द्यायचे.

2. रात्री बाळ तिच्याजवळ असेल तर ती रात्र कामाची. दुसऱ्या दिवशी तेवढी विश्रांती.

3. आठवड्यातून सलग 24 तास सुटी. त्या वेळात घरात थांबायची सक्ती नाही. ती तिच्या पोराकडे जाईल नाहीतर नदीवर जाईल. विचारायचं नाही.

4. राहण्याचे पैसे पगारातून कापायचे नाहीत. जेवण घरच्यांचंच, ताजं, पोटभर.

5. बाळ सांभाळायला ठेवलं तर बाळच. भांडी, फरशी, पाहुणे हे वेगळं काम, वेगळे पैसे.

6. पगार ठरल्या तारखेला बँकेत. तिचं आधार कार्ड तिच्याच जवळ.

7. तिला वेगळी खोली. दाराला कुलूप, किल्ली तिच्या हातात.

सर म्हणाले, “एवढे पैसे मी कुठून आणू?” हा खरा प्रश्न आहे. मी त्याची टिंगल करणार नाही. मॅडमही राबतात, पाळणाघर जवळ नाही, हप्ते चालू आहेत. पण उत्तर सोपं आहे. चोवीस तासांचे पैसे नसतील तर चोवीस तास विकत घेऊ नका. आठ घ्या. संध्याकाळी तिला मुकुंदवाडीला जाऊ द्या. रात्री बाळाला बापाने घ्यावं. बापालाही हात आहेत. आणि पाळणाघर पाहिजे तर चला, महापालिकेवर मोर्चा काढू, मी बोर्ड रंगवतो. पण तुमची अडचण माझ्या बहिणीच्या झोपेतून भागवू नका.

शेवटी काय ठरलं? पगार चौदा हजार. रविवारची पूर्ण सुटी. स्वयंपाक मॅडमच्या आईकडे गेला. मॅडमनेच कागद लिहिला, सरांनी सही केली. एवढं मिळालं. अक्का मला म्हणाली, “लई ताणू नको रे भाऊ, माणसं चांगली हायेत.” मीही तेच म्हणतो, माणसं चांगली आहेत. म्हणूनच हिशेब मागता आला. पहिल्या घरी मागितला असता तर चोरीचा आळ आला असता.

खोलीवर मात्र अडलं. पुस्तकांची एक खोली आहे, ती देतो म्हणाले. कुलपाचं नाव काढलं तर सर दुखावले. “आमच्या घरात कुलूप? आम्ही काय चोर आहोत?”

2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने घरालाही कामाची जागा मानलं आहे. तो काही उगाच नाही. तरी मी तो कायदा काढला नाही. मी एवढंच म्हणालो, सर, तुमच्या बेडरूमला कडी आहे ना? तुम्ही ती लावता तेव्हा अक्का म्हणते का, मी काय चोर आहे? कडी चोरासाठी नसते. आत जे आहे ते माझं, एवढं सांगण्यासाठी असते. आपल्या बायांना गावात घर नव्हतं, घर होतं तर दार नव्हतं, दार होतं तर कडी नव्हती.

सर काही बोलले नाहीत. कुलूप अजून बसलेलं नाही. पुढच्या खेपेला मी मुंबईहून आणतोय, दोन किल्ल्यांचं. दोन्ही अक्काला देणार.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्यातले काही जण अशा घरात वाढलेत जिथली माय दुसऱ्याच्या घरात राबते. काही जण उद्या अशा घराचे मालक होणार, नोकरी लागणार, बाळ होणार, बाई ठेवणार. काहींच्या घरात ती आत्ता आहे. आज घरी गेल्यावर तिला एक पेन द्या. कॅलेंडर उलटं करा. तिला सांगा, रेघा मार. महिन्याने मोजा.

आणि तोवर तिला ‘घरचीच’ म्हणू नका.

जय भीम.