भाड्याची खोली
(भिलाई येथील मराठी साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



भिलाईकर आपली ओळख करून देतो तीच मुळी सेक्टर, सडक आणि क्वार्टर नंबर सांगून. 1959 मध्ये इथली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून कारखान्याने नोकरी दिली ती डोक्यावरच्या छपरासकट. अशा गावात नोकरी नाही म्हणून छप्पर नाही, आणि छप्पर नाही म्हणून कागद नाही, अशी गत ज्यांची होते त्या तृतीयपंथी स्त्रियांविषयी मी बोलणार आहे. त्यांतही देहविक्रीचा धंदा करणाऱ्यांविषयी. साहित्याच्या मांडवात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. वाटू द्या.

1972 च्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहानंतर मराठी कवितेला धंद्याच्या वस्तीकडे पाठ फिरवता आली नाही. पुढे लक्ष्मी नारायण त्रिपाठींचे आत्मकथन आले, दिशा पिंकी शेख यांची कविता आली. छत्तीसगडही मागे राहिले नाही. 2015 मध्ये रायगडने मधू किन्नर यांना महापौर केले, 2021 मध्ये राज्याच्या पोलीस दलात 13 तृतीयपंथी शिपाई भरती झाले. अभिमान वाटावा अशाच या गोष्टी. तरी शाल-श्रीफळ कोणाला मिळते ते पाहा. जी धंद्याबाहेर आहे तिला. आज रात्री हमरस्त्यावर उभी राहणारी आपल्या कौतुकाच्या यादीत नसते.

घर सुटल्यावर तिला जवळ करतो तो तृतीयपंथीयांचा डेरा. तिथे गुरू खाऊ घालते, दुखण्याखुपण्यात उशाशी बसते, मेल्यावर मातीची व्यवस्था करते. त्याचा हिशेबही असतो. कमाईतला वाटा द्यावा लागतो, चुकले तर दंड. आणि उतरंड तिथेही आहेच. शुभप्रसंगी आशीर्वाद देणाऱ्या बधाईवाल्यांचा मान मोठा, भीक मागणाऱ्या मंगतीवाल्यांचा त्याखालोखाल, धंदेवालीचा नाहीच. म्हणून कित्येकजणी डेऱ्यापासूनही धंदा लपवतात. घराने टाकलेल्या बाईला जवळच्यांनीही पंगतीच्या शेवटी बसवावे, हे दुखणे आपल्या सहानुभूतीच्या लेखनात फारसे आलेले नाही.

आपले काय? नागपूरहून येताना डोंगरगडच्या आसपास डब्यात टाळी वाजते. कोणी दहाची नोट काढून खिडकीबाहेर बघतो. शेजारची बाई मात्र बाळ पुढे करते. टाळी वाजवणारी बाळाच्या डोक्यावर हात ठेवते, नाणे ओठांना लावून परत देते, ‘पर्समध्ये ठेव, खर्चू नको’ म्हणते. ते नाणे वर्षानुवर्षे जपले जाते. तीच दुसऱ्या दिवशी खोली विचारायला दारात आली, तर आपण ‘फॅमिलीलाच देतो’ म्हणतो. तिचा आशीर्वाद चालतो, शेजार चालत नाही.

कायद्याचेही तसेच. 15 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिची ओळख मान्य केली. 2019 च्या कायद्याने तिच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली ती सहा महिने ते दोन वर्षे. बाईवरच्या बलात्काराला किमान 10 वर्षे. या फरकाचे समर्थन मला तरी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचाच 19 मे 2022 चा आदेश मला अधिक मोलाचा वाटतो. धंदा करणारीलाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, पोलिसांनी तिला शिवीगाळ-मारहाण करू नये, आणि राहण्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर तिला आधार कार्ड मिळावे, त्यावर धंद्याची कसलीही खूण नसावी, असे त्यात आहे.

पण आदेश आपल्या पायांनी चालत पोलीस ठाण्यात जात नाही. त्याला माणसे लागतात. सांगलीत ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’च्या बाया आणि ‘मुस्कान’ संघटनेतले धंदा करणारे पुरुष व तृतीयपंथी संघटित झाले, एकमेकांच्या पाठीशी उभे राहू लागले. उद्धार करायला आलेल्यांना त्यांनी बजावले की आमच्याविषयी बोलायचे तर आम्हाला विचारून बोला. लेखकांनीही ते ऐकून ठेवावे.

आता तुम्हाला एक मागणे. तुमची मुले पुण्या-बंगळूरला गेली आहेत. रिसाली, नेहरूनगर, स्मृतीनगरात वरच्या खोल्या कुलूपबंद आहेत. त्यांतली एखादी अशा तृतीयपंथी स्त्रीला द्या. फुकट नको, दुप्पट भाड्यानेही नको. चालू दराने द्या, रीतसर करारनामा करा आणि पावती तिच्या नावाने फाडा.