फी, होस्टेल, प्लेसमेंट… आणि शिकवणार कोण?

ऐकायला वेळ नसेल तर हा भाग इथे वाचून काढा. बोललो तसंच लिहिलंय.

आजचा विषय ॲडमिशनचा. बीएस्सी झालं, आता पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करू का? चांदवडसारख्या गावातून पुण्या-मुंबईला जाणारी पोरं-पोरी तीन गोष्टी विचारतात. फी किती, होस्टेल मिळेल का आणि पुढे नोकरी काय? तिन्ही प्रश्न बरोबर आहेत. घरचे कांद्याच्या पट्टीतून पैसे काढून देणार, मग विचारायलाच हवं. पण चौथा प्रश्न राहून जातो. तिथे शिकवणार कोण?

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते आपल्याच तालुक्यातल्या एका गोष्टीवरून बघू. शेततळं.

चांदवड तालुक्यात कुठल्याही रस्त्याने निघा, प्लास्टिक अंथरलेली शेततळी दिसतात. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हापासून तर हा शब्द घरोघरी गेला. मूळ कल्पना सोपी. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि पिकाला ताण पडला की वापरायचं. पण बऱ्याच ठिकाणी होतं काय, की पावसाळ्यात विहिरीचं पाणी मोटारीने उपसून तळ्यात भरलं जातं. आता सांगा, शेततळं चांगलं की वाईट?

पहिल्यांदा लागेल भूगर्भशास्त्राचा माणूस. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, म्हणजे काळा कातळ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. या दगडात पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांमध्ये, म्हणजे साठा मर्यादित. माझ्या विहिरीतून उपसलेलं पाणी कदाचित शेजारच्या विहिरीचंही असतं. हे जमिनीवरून दिसत नाही.

मग लागेल हिशेब करणारा. ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे ९०० चौरस मीटर उघडं पाणी. समजा उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडालं, तर दिवसाला ७,२०० लिटर गेलं. महिन्याला २ लाख १६ हजार. जे पाणी जमिनीखाली सावलीत होतं, ते आपण उन्हात आणून ठेवलं.

थांबा, शेतकऱ्याला लगेच नावं ठेवू नका. इथे अर्थशास्त्राचा माणूस हवा. तो सांगेल की द्राक्ष-डाळिंबाची बाग एका उन्हाळ्यात जळली तर कर्ज अनेक वर्षं फिटत नाही. त्या माणसासाठी तळं म्हणजे विमा आहे. आणि तोच पुढे विचारेल की ज्याच्याकडे प्लास्टिकला पैसे नाहीत, त्याच्या विहिरीचं काय?

शेवटी कायदा. महाराष्ट्रात भूजलाचा २००९ चा कायदा आहे. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंधनं आहेत. ती गावात कोण पाळणार, कोण पाळून घेणार? हा प्रश्न ग्रामसभेचा आणि समाजशास्त्राचा.

बघा, एक शेततळं आणि चार विषय! म्हणून या अभ्यासक्रमांना ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा. प्रश्न एक, पण तो सोडवायला वेगवेगळ्या विषयांची माणसं एका टेबलावर.

अशी माणसं महाराष्ट्रात झाली का? झाली.

पुण्याचे डॉ. इराक भरुचा. मूळचे सर्जन. त्यांनी भारती विद्यापीठात १९९३ मध्ये पर्यावरण शिक्षण आणि संशोधनाची संस्था उभी केली. कॉलेजात आपण पर्यावरणाचा जो सक्तीचा पेपर देतो, त्याच्यामागे सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा आदेश आहे. पुढे यूजीसीने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला, त्याचं पाठ्यपुस्तक भरुचांनी लिहिलं.

दुसरं नाव प्रा. मिलिंद सोहोनी. आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक. तिथल्याच ‘सीटारा’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातून त्यांनी गावाच्या पाण्याच्या ताळेबंदावर काम केलं. पाऊस किती पडला, पिकाने किती घेतलं, जमिनीत किती मुरलं. अल्गोरिदम शिकवणारा माणूस नळपाणी योजनेचा हिशेब करतो, हे ऐकायलाच भारी वाटतं.

आणि माधव गाडगीळ. हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्रात पीएचडी केली, बंगळुरूच्या आयआयएस्सीत परिसरशास्त्राचं केंद्र सुरू केलं. पण गवळी धनगरांचा अभ्यास करायचा ठरवलं तेव्हा सोबत घेतलं मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांना. जंगल एकाने बघायचं, माणसं दुसऱ्याने, असं नाही. दोघांनी मिळून दोन्ही.

या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येकाचा स्वतःचा एक विषय पक्का होता आणि त्याच्या बळावर ते दुसऱ्याच्या अंगणात गेले. सगळ्यातलं थोडंथोडं येणं म्हणजे आंतरविद्याशाखीय नव्हे. चार जणांना चार विषय नीट यावेत आणि त्यांनी एकमेकांशी बोलावं, हे ते.

आता दुसरी बाजू. पदवीच्या पर्यावरणाच्या पेपरचं अनेक ठिकाणी काय होतं, तुम्हाला माहितीये. ज्यांचा तास मोकळा त्यांच्या गळ्यात तो विषय. विद्यार्थी आदल्या रात्री गाईड वाचतो, प्रोजेक्ट डाउनलोड करतो, झालं पर्यावरण! आणि बऱ्याच विद्यापीठांत मंजूर पदं रिकामी आहेत, शिकवणं तासिका तत्त्वावर चालतं. त्या शिक्षकांची मेहनत कमी नसते, पण पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच ज्याला माहीत नाही, तो तीन वर्षांचा विहिरींचा अभ्यास हाती घेणार कसा?

म्हणून फॉर्म भरण्याआधी एवढं करा. मोबाइलवरच होतं.

एक. विभागाच्या प्राध्यापकांची यादी उघडा. कायम किती, तासिकेवर किती, ते बघा. वेबसाइटवर नसेल तर फोन करून विचारा.

दोन. प्रत्येकाची पीएचडी कशात आहे ते बघा. सगळेच रसायनशास्त्राचे असतील तर पाणी तपासायला छान शिकाल, पण पाणी कुणाचं हा प्रश्न वर्गात येणारच नाही.

तीन. नावं शोधून त्यांचे शोधनिबंध बघा. दोन वेगळ्या विषयांच्या माणसांनी मिळून काही लिहिलंय का? एका मजल्यावर केबिन असणं वेगळं, एकत्र काम करणं वेगळं.

चार. शिकत असलेल्या एखाद्या सीनियरला विचारा, ‘फील्डवर कोण नेतं?’ उत्तरात सरांचं किंवा मॅडमचं नाव लगेच आलं तर समजा गाडी बरी आहे. ‘सहल जाते वर्षातून एकदा’ असं आलं तर पुन्हा विचार करा.

चारही ठिकाणी पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा विभाग क्वचितच सापडेल. पण काय आहे आणि काय नाही, हे माहीत असेल तर जे नाही ते तुम्ही बाहेरून मिळवाल. आपल्या सातमाळाच्या एका अंगाचं पाणी गोदावरीला जातं, दुसऱ्या अंगाचं गिरणेतून तापीला. कुणाच्या शिवारात किती पाणी मुरायचं, कुठल्या विहिरीला किती तास मोटार चालवायची, हे पुढची वीस-तीस वर्षं कुणीतरी ठरवणार आहे. ते ठरवताना गावातलं कुणी त्या बैठकीत असावं, ज्याला दगडही कळतो आणि शेजाऱ्याची अडचणही. असं माणूस घडायला तसे शिक्षक लागतात.

तर ॲडमिशन घेणाऱ्या मित्र-मैत्रिणीला ही लिंक नक्की पाठवा. आणि तुमच्या विभागात एखादे असे सर किंवा मॅडम असतील, तर त्यांनी नेमकं काय शिकवलं ते आम्हाला व्हॉइस नोटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि हो, मोटार चालू ठेवून झोपू नका!