लसावि आणि घरातली सुट्टी
(शाळेच्या हीरकमहोत्सवी मेळाव्यात एका निवृत्त गणितशिक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणिताच्या शिक्षकाला ६० ही संख्या दिसली की तिचे अवयव आठवतात. आपल्या पंचांगात संवत्सरांची नावेही साठच आहेत. प्रभवापासून निघालेले हे चक्र साठ वर्षांनी पुन्हा प्रभवावर येते. गुरूची सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा सुमारे १२ वर्षांत आणि शनीची सुमारे ३० वर्षांत होते. १२ आणि ३० यांचा लघुत्तम साधारण विभाज्य, म्हणजे आपला वर्गातला ‘लसावि’, ६० येतो. शाळेची पहिली घंटा वाजली तेव्हा हे दोन ग्रह जेथे होते, जवळपास तेथेच ते आज पुन्हा आले आहेत.

याच लसाविने मला एकदा चांगलाच धडा दिला. तो आज आपल्यापुढे मांडतो.

सहावीच्या वर्गात मी नेहमीचे उदाहरण घातले होते. एक घंटा दर ६ मिनिटांनी वाजते, दुसरी दर ८ मिनिटांनी. आता दोन्ही एकत्र वाजल्या, तर पुन्हा एकत्र केव्हा वाजतील? ६ म्हणजे २ × ३ आणि ८ म्हणजे २ × २ × २. दोहोंत सामाईक असलेला २ एकदाच घ्यायचा, म्हणून उत्तर २४. नुसता गुणाकार केला तर ४८ येतात. तोही साधारण विभाज्यच, परंतु तोवर मधली एक भेट हुकलेली असते.

काही आठवड्यांनी एक विद्यार्थिनी वही घेऊन माझ्याकडे आली. आपल्यापैकी अनेक कुटुंबांप्रमाणे तिचे आईवडीलही नोकरीसाठी या परमुलखात आलेले. वडील कारखान्यात, पाच दिवस काम आणि सहाव्या दिवशी सुट्टी. आई रुग्णालयात परिचारिका. सात दिवस काम आणि आठव्या दिवशी सुट्टी. दोघेही एकाच दिवशी घरी असावेत, एवढीच तिची इच्छा. वडिलांची सुट्टी १ तारखेला होती. तिने २४ मिळवले आणि दिनदर्शिकेवर २५ तारखेला लाल खूण केली. त्या दिवशी वडील घरी होते. आई मात्र कामावर गेली. “सर, माझा लसावि चुकला का?” तिने विचारले.

लसावि अचूक होता. उदाहरणातले ‘आता दोन्ही एकत्र वाजल्या’ हे शब्द तेवढे तिच्या घराला लागू नव्हते, आणि त्या शब्दांवर मी वर्गात कधी थांबलोच नव्हतो. आम्ही दोघांनी सलग दिवस मांडले. वडिलांच्या सुट्ट्या १, ७, १३, १९, २५ या दिवशी; आईच्या ४, १२, २०, २८ या दिवशी. एक रांग विषम, दुसरी सम. ६ आणि ८ या दोन्ही सम संख्या असल्यामुळे रांगा कितीही लांबवल्या तरी विषम ते विषमच आणि सम ते समच राहणार. त्या घरात २४ दिवसांनीच काय, २४ वर्षांनीही दोन सुट्ट्या जुळल्या नसत्या.

यातला नियम सोपा आहे. दोन आवर्तनांच्या पहिल्या दिवसांतील अंतराला त्यांच्या मसाविने, म्हणजे महत्तम साधारण विभाजकाने, निःशेष भाग गेला पाहिजे. येथे अंतर ३ आणि मसावि २. भाग जात नाही. म्हणून भेट नाही. भाग गेला, तर एकदा भेट होते आणि त्यानंतर दर लसाविनंतर होत राहते.

मग उपाय? वडिलांनी सहकाऱ्याशी बोलून आपली पाळी एका दिवसाने पुढे सरकवून घेतली. त्यांच्या सुट्ट्या आता २, ८, १४, २० अशा पडू लागल्या. आईची सुट्टीही २० व्या दिवशी. तेथून दर २४ दिवसांनी ते घर एकत्र जेवू लागले.

पालकहो, मुलाचे उत्तर प्रत्यक्षाशी जुळले नाही, तर लगेच त्याची आकडेमोड तपासू नका. ‘तू सुरुवातीला काय गृहीत धरलेस?’ हे आधी विचारा. मला तो प्रश्न एका सहावीतल्या मुलीने शिकवला.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्याही पाळ्या आता निरनिराळ्या झाल्या आहेत. कोणाची सुट्टी केव्हा, कोणाचे गावी जाणे केव्हा. केवळ वाट पाहून सगळ्याच भेटी जुळत नाहीत. कोणीतरी एक दिवस सरकावा लागतो. आज तुम्ही सारे तो सरकून येथे आलात, याचा मला मनापासून आनंद आहे.