प्रत आणि परत

संगणकातील लेखन, छायाचित्रे, हिशेब यांची मूळ जागेपासून वेगळी ठेवलेली आणि मूळ गमावल्यास परत आणता येणारी प्रत म्हणजे बॅकअप. हे काम इंटरनेटवरून, ठरलेल्या वेळी आणि कोणी आठवण न करून देता पार पाडणाऱ्या व्यवस्थेला क्लाउड बॅकअप म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग, हे खरे. परंतु ही प्रत असते जमिनीवरच, डेटा सेंटर नावाच्या, अखंड वीज आणि थंड हवा लागणाऱ्या एखाद्या इमारतीतील डिस्कवर, आणि त्या इमारतीवर येणारे संकट प्रतीवरही येते. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएचक्लाउड या कंपनीचे पाच मजली डेटा सेंटर आगीत नष्ट झाले, तेव्हा ज्यांची मूळ माहिती आणि तिचा बॅकअप एकाच आवारात होता, अशा काही ग्राहकांना दोन्हींवर पाणी सोडावे लागले. सेवा निवडताना प्रत कोणत्या शहरात राहते, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायला हवा.

पहिली प्रत संपूर्ण पाठवावी लागते आणि तिला वेळ लागतो: ५०० गीगाबाइट सामग्री सेकंदाला २० मेगाबिट या गतीने पाठवायची झाल्यास, जोडणी एकदाही न तुटता, सुमारे ५६ तास लागतात. त्यानंतर मात्र केवळ बदललेला भाग जातो. त्यासाठी अनेक सॉफ्टवेअर फाइलचे तुकडे पाडतात आणि गणिती प्रक्रियेने प्रत्येक तुकड्याची ठरावीक लांबीची एक संख्या काढतात. तिला हॅश म्हणतात, आणि ती त्या तुकड्याच्या अंगठ्याच्या ठशासारखी असते. ठसा पूर्वीचाच असेल, तर तो तुकडा पुन्हा पाठवला जात नाही. याच ठशावरून साठवलेली प्रत शाबूत आहे की नाही, हेही पडताळता येते. प्रती पडताळण्याचे काम जुनेच आहे: शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. हस्तलिखितात नकलकाराच्या हातून शिरलेली चूक ओळखायला तेवढ्या अधिकाराचा वाचक लागत असे, तर संगणकात एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. मात्र ठसा जुळला नाही, तर प्रत बिघडली एवढेच कळते. शुद्ध पाठ कोणता होता, हे सांगण्याचे सामर्थ्य त्यात नसते, आणि त्यासाठी दुसरी शाबूत प्रतच लागते.

सर्वांत मोठा गोंधळ होतो तो सिंक आणि बॅकअप यांत. सिंक म्हणजे एका ठिकाणचा बदल दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा उमटवणे; गूगल ड्राइव्हसारख्या सेवा मुख्यतः हेच करतात, आणि म्हणूनच एका यंत्रावर पुसलेली फाइल दुसऱ्या यंत्रावरूनही जाते व कचरापेटीत ३० दिवस राहून कायमची नाहीशी होते. सिंकला चांगला बदल आणि वाईट बदल यांतील भेद कळत नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या संगणक-विषाणूचा प्रसार झाला, तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीला सिंकवर विसंबण्याचा विदारक अनुभव आला. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही तेव्हा विस्कळीत झाले. कोणाला कोणत्या संगणकात प्रवेश द्यायचा, याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सर्व्हर जगभर विखुरलेले आणि परस्परांशी सिंक झालेले होते, त्यामुळे प्रत्येक सर्व्हर इतरांचा आधार आहे असे गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात ते जवळजवळ एकदमच पुसले गेले. वाचला तो घानामधील एक, आणि तोही हल्ल्याच्या आधी तेथील वीज गेल्यामुळे तो जोडणीबाहेर पडला होता म्हणून. वीज जाण्याचे एवढे उपकार क्वचितच कोणावर झाले असतील. खऱ्या बॅकअपमध्ये हे काम दैवावर सोपवलेले नसते: त्यात फाइलच्या मागील आवृत्त्या तारीखवार राखल्या जातात, आणि फाइल बिघडली तर बिघाडाच्या आदल्या दिवशीची आवृत्ती मागता येते. या आवृत्त्या किती दिवस राखल्या जातात, हे प्रत्येक सेवेत वेगळे असते.

तरीही प्रत ठेवणे हे अर्धेच काम होय; ती परत आणता येते का, हे पाहणे उरलेले अर्धे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर-सेवेच्या एका अभियंत्याने दुरुस्तीच्या ओघात चुकून मुख्य सर्व्हरवरचाच माहितीसाठा पुसला, आणि मग लक्षात आले की, नेमाने चालू असल्याचे मानले गेलेले बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे तयारच होत नव्हते, आणि त्या अपयशाची सूचना देणारे ईमेलही मध्येच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीने कंपनी तरली, पण मधल्या सहा तासांतील नोंदी परत आल्या नाहीत.

घरगुती वापरकर्त्याची अडचण बहुधा किल्लीची असते. प्रत पाठवण्यापूर्वीच ती कूटरूपात बदलणे, म्हणजे एन्क्रिप्शन, हे गोपनीयतेसाठी उत्तमच. परंतु ते कूटरूप उघडणारी किल्ली केवळ वापरकर्त्याकडेच असेल आणि ती हरवली, तर सेवा देणारी कंपनीदेखील ती प्रत उघडू शकत नाही. ही किल्ली त्याच संगणकात लिहून ठेवणे म्हणजे कपाटाची चावी कपाटातच ठेवून कुलूप लावणे होय. ती कागदावर उतरवून ठेवावी आणि तो कागद घरातील दुसऱ्या एका जाणत्या माणसाच्या माहितीत असावा.

ज्यांच्या संगणकावर अशी सेवा आधीच चालू आहे, त्यांनी या आठवड्यात महिनाभरापूर्वीची एखादी फाइल निवडावी, ती बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावी, आणि ती नीट उघडते का, हे पाहावे.