पाहुण्यांची खोली, चंद्रकळा रंगाची



आमच्या घरात गेले पाच महिने एका खोलीवरून वाद चालू आहे. मी म्हणते ती निळी आहे, आमचे हे म्हणतात ती काळी आहे. रेडिओवर तुम्हाला भिंत दाखवता येत नाही, हा माझा मोठाच फायदा. तेव्हा निदान या भाषणापुरती ती निळी.

खोली पाहुण्यांची. म्हणजे नावाला पाहुण्यांची. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या पाहुण्यांच्या खोलीत वर्षातले अकरा महिने कोण मुक्कामाला असतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्याकडे इस्त्रीचं टेबल, दोन जादा गाद्या, मुलाने सोडून दिलेली हार्मोनियम, गणपतीचं मखर आणि एक चालण्याचं यंत्र असायचं. चार वर्षांत ते यंत्र एक पाऊलही चाललं नव्हतं. पाहुणा आला की हे सगळं एका भिंतीकडे सरकवायचं, वर चादर टाकायची, आणि चादरीखाली काय आहे ते पाहुण्याने विचारायचं नाही, असा रिवाज. भिंती क्रीम. ताबा मिळाला तेव्हा क्रीम, पुढे एकदा रंग काढला तेव्हाही क्रीम.

मला याचंच नवल वाटतं. साड्यांच्या दुकानात गादीवर बसलं की आम्हाला आमसुली आणि वांगी यांतला फरक लांबून कळतो. मोरपंखी दाखवा म्हटल्यावर कुणी साधा निळा काढला तर आम्ही चहा न घेता उठतो. डाळिंबी, चिंतामणी, गुलबक्षी, पारवा, शेवाळी, रंगांना इतकी नावं असलेली माणसं आपण. आणि भिंत रंगवायची म्हटलं की एका आवाजात म्हणतो, ‘क्रीम द्या, उजेड राहतो.’

उजेड राहतो, हे कारण खोटं नाही. माझ्या आजोळी, चिपळूणजवळ, वीज आली तेव्हा मी चौथीत होते. त्याआधी संध्याकाळी घरात दोन कंदील आणि देवापुढची समई एवढाच उजेड. असला तुटपुंजा उजेड वाया जाऊ नये म्हणून भिंत पांढरी हवी. दिवाळीच्या आधी चुनकळी पाण्यात टाकायची. ती फसफसून पाणी कढायला लागलं की आम्हा पोरांना तिथून हाकलायचे. मग त्यात डिंक, आणि शेवटी आजी कनवटीची पुरचुंडी सोडून चिमूटभर नीळ टाकायची. कपड्यांना देतात तीच. नुसता चुना वाळल्यावर जरा पिवळट दिसतो, निळीने तो पांढराफेक दिसतो. म्हणजे बघा, आमच्या भिंतींत निळा रंग पहिल्यापासून होताच, फक्त पांढरा जास्त पांढरा दिसावा एवढ्याच कामापुरता.

ती नीळ झाडाची नव्हे, बरं का. ती अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातला लाजवर्द नावाचा दगड कुटून काढत, आणि अजिंठ्याच्या चित्रांत जो निळा सापडतो तो याच दगडाचा. दगड महाग, म्हणून फ्रान्समध्ये तोच रंग कारखान्यात बनवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. ते १८२८ साली गिमे नावाच्या रसायनकाराला मिळालं. पुढे हा रंग इतका स्वस्त झाला की कोकणातल्या म्हातारीच्या कनवटीला आला. चुन्यात तो टिकतो, हे आणखी विशेष. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला प्रशियन ब्लू दिसायला देखणा, पण ओल्या चुन्याशी त्याचं पटत नाही, तपकिरी पडतो.

तर निळ्याचं डोक्यात आलं पणजीत. फोंतेनासच्या गल्ल्यांतून हिंडत होतो. निळी घरं, गेरूच्या रंगाची घरं, खिडक्यांना पांढरे काठ. पोर्तुगीज काळात पांढरा रंग देवळांचा, म्हणजे चर्चचा, घरांनी तो लावायचा नाही, असं तिथे सांगतात. तिथल्याच एका घरात आम्ही दोन रात्री राहिलो. निजायच्या खोलीच्या भिंती आतूनही गडद निळ्या. दुपारी मला जरा दडपल्यासारखं झालं. रात्री दिवा मालवला आणि खोलीच्या भिंती कुठे आहेत ते कळेना. मला लहानपणचं बाळंतिणीच्या खोलीचं दार आठवलं. आजोळच्या घरात ओटी, पडवी उजेडाची. माजघर निम्म्या अंधाराचं. आणि बाळंतिणीची खोली पुरती अंधारी. अंधारात माणसाला विसावा मिळतो हे त्या घराला माहीत होतं. आमच्या फ्लॅटमध्ये पाहुणा निजतो कुठे? समोरच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा आणि खालच्या दुकानाची पाटी या दोन्हींचा प्रकाश क्रीम भिंतीवर घेऊन. पाहुणा बिचारा सकाळी ‘छान झोप लागली’ म्हणतो, आणि आपण ते खरं मानतो.

परत आल्यावर मी चालण्याचं यंत्र विकलं आणि शेडकार्ड आणलं.

निळा की डाळिंबी, एवढंच ठरत नव्हतं. पेंटर म्हणाले, ‘काकू, भिंतीवर लावून बघू नका, आजूबाजूचा क्रीम डोळ्यांना फसवतो. प्लायचे दोन फूट बाय दोन फूट तुकडे घ्या, दोन हात द्या आणि दिवसभर जागा बदलत बघा.’ हा सल्ला लाखाचा. सकाळी डाळिंबी सुरेख, निळा आपला बसका. दुपारी बरोबरी. आणि संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, गंमत झाली. डाळिंबी हळूहळू काळवंडत पार विझला आणि निळा उठून दिसायला लागला, कुणी आतून वात लावावी तसा. मी ह्यांना हाक मारली. ह्यांना दोन्ही तुकडे काळे दिसत होते. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण ते पुढे.

हा भास नाही. पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे टिपून ठेवलं. लख्ख उजेडात लाल फुलं झगझगीत दिसतात. झुंजूमुंजू असताना तीच काळपट दिसतात आणि निळं-हिरवं उजळ वाटतं. भर उजेडात डोळ्यातल्या एका प्रकारच्या पेशी काम करतात, मंद उजेडात दुसऱ्या प्रकारच्या, आणि या दुसऱ्या पेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही. पाहुणा खोलीत जातो संध्याकाळनंतर. म्हणजे डाळिंबी बाद.

शेडकार्डावर या निळ्याला इंग्रजी नाव होतं, त्यात मध्यरात्र वगैरे होती. मी त्याला चंद्रकळा म्हणायला लागले. काळी किंवा काळ्याकडे झुकलेली गडद निळी साडी म्हणजे चंद्रकळा. संक्रांतीला आपण ती हौसेने नेसतो, आणि एरवी काळा रंग शुभकार्यात नको म्हणतो. शेजारच्या वहिनी येऊन हेच म्हणाल्या, ‘अहो, काळी खोली? पाहुण्यांना?’ मी म्हटलं, निळी आहे. आतून ह्यांचा आवाज आला, ‘काळी आहे.’

शेडकार्डाच्या मागे बारीक अक्षरात एक आकडा असतो. रंग किती उजेड परत टाकतो त्याचा. निखळ काळा म्हणजे ०, निखळ पांढरा म्हणजे १००. क्रीमचा ऐंशीच्या आसपास. आमच्या चंद्रकळेचा ६. शंभरातला चौऱ्याण्णव भाग उजेड भिंत गिळणार. हा आकडा मी घरात कुणाला सांगितला नाही.

आता कामाचं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या मनात आलंच तर उपयोगी पडेल. पेंटर म्हणाले होते, क्रीम दोन हातांत बसतो, हा तीन मागेल. मला वाटलं, मजुरी वाढवताहेत. तसं नव्हतं. रंगात खालचं झाकायचं काम मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड करते. दुकानातलं यंत्र जो रंग टाकतं तो आधीच्या ‘बेस’मध्ये टाकतं. फिक्या रंगाच्या बेसमध्ये ही पूड भरपूर असते; गडद रंगाला ती चालत नाही, नाहीतर चंद्रकळेची आकाशी होईल. म्हणून गडद बेस जवळजवळ पांढऱ्या पुडीविना असतो, भाताच्या पेजेसारखा. पहिला हात दिला की खालचा क्रीम सगळीकडून डोकावतो. पेंटरनी प्रायमरमध्येच करडा रंग मिसळून घेतला, त्याने बरंच सावरलं. तरी पहिल्या हातानंतर ती खोली मुन्सिपाल्टीच्या शाळेतल्या न पुसलेल्या फळ्यासारखी दिसत होती. त्या रात्री मी खरंच रडकुंडीला आले. हे मात्र त्या रात्री काही बोलले नाहीत, याची नोंद करून ठेवते.

गडद रंग भिंतीचे अवगुण लपवतो, असं मला वाटायचं. साफ चूक. क्रीमने बारा वर्षं जे पोटात घातलं होतं ते चंद्रकळेने तीन दिवसांत चव्हाट्यावर आणलं. लांबी नीट घासलेली नसेल तर प्रत्येक उंचवटा दिसतो, म्हणून भिंत पॉलिशपेपरने घासून घासून गुळगुळीत करावी लागली आणि रंग बिनचकाकीचा घ्यावा लागला. खिडकीखाली जराशी ओल होती. क्रीमवर ती दिसतही नव्हती. गडद रंगावर तिचा पांढरा खार लगेच फुलून येतो. ती आधी बुजवावी लागली. आणि भिंत जिथे छताला मिळते ती रेघ! ती सरळ असते असा माझा आजवरचा समज होता. पेंटरनी चिकटपट्टी लावून खाली निळा, वर पांढरा केला, तेव्हा कळलं की आमच्या छताला कोकणच्या किनाऱ्याइतकी वळणं आहेत. पांढरे स्विचबोर्ड तर अंधारात कुणी दात विचकावे तसे दिसायला लागले. ते बदलले. पंखा बदलला नाही; पंख्याची आपल्याला सवय असते.

आणखी दोन बारीक गोष्टी. रंगाचे सगळे डबे आधी एका बादलीत एकत्र करून घ्यावेत, कारण यंत्रातून निघालेल्या दोन डब्यांतही उणंअधिक असू शकतं आणि गडद रंगात ते दिसतं. आणि नखाचा ओरखडा उठतो, पांढरी रेघ. तेवढ्यावर रंग फिरवला तर ठिगळ दिसतं. लहान नातवंडं असतील तर दोनदा विचार करा. डासांचंही सांगायला हवं. ते मुळात गडद जागी विसावतात, आणि क्रीम भिंतीवर बसलेला डास दिसतो तरी. इथे बसला की गेलाच. आम्ही मच्छरदाणी बाहेर काढली. पांढरी मच्छरदाणी त्या निळ्यापुढे जी काही दिसते म्हणता!

दिव्यांचं गणित पार बदललं. भिंतीवर एक नळी लावून भागवणं बंद. तिच्या थंड पांढऱ्या उजेडात खोली दवाखान्यासारखी दिसायची. पिवळसर दिवा लावला तर निळा अंगावर येत नाही, थोडा मातकट होतो, मखमलीसारखा. पलंगाशी एक आणि कोपऱ्यात एक, असे दोन बुटके दिवे ठेवले. उजेड हवा तिथेच पडतो. आजीच्या कंदिलासारखाच तो, फक्त त्याला वाया न घालवायची भिंतीवरची जबाबदारी गेली.

पहिल्या पाहुण्या आल्या त्या ह्यांच्या आत्या, मिरजेहून. वय ऐंशी. पहाटे पाचला उठणार, उठल्याबरोबर चहा मागणार. मी पावणेपाचचा गजर लावला. पाच झाले, सहा झाले. साडेसहाला ह्यांनी दाराला कान लावला. सात वाजून दहा मिनिटांनी आत्याबाई बाहेर आल्या त्या रागावूनच. ‘अगं, उजाडल्याचं कळलंच नाही. माझी पूजा राहिली ना!’

दुपारी त्या पलंगावर बसल्या होत्या आणि भिंतीकडे बघून एकदा एका डोळ्यावर हात ठेवत होत्या, एकदा दुसऱ्या. मी विचारलं, काय होतंय आत्या? त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालं होतं, डावा राहिला होता. वयाप्रमाणे डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवतं. ते काढून नवं बसवलं की निळा परत दिसायला लागतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं असं ऑपरेशन १९२३ साली झालं आणि त्यालाही मग निळं जास्त दिसायला लागलं. आत्याबाईंना मोने ठाऊक नव्हता. त्यांनी उजवा डोळा झाकला आणि म्हणाल्या, ‘आता काळी.’ मग डावा झाकला. बराच वेळ बघत राहिल्या. ‘आणि आता निळी. चांगली निळी आहे गं.’

दारात हे उभे होते, विजयी चेहऱ्याने. कारण काळी हे त्यांनी ऐकलं होतं. आत्याबाईंनी त्यांना जवळ बोलावलं, भिंतीसमोर उभं केलं, विचारलं, ‘तुला कशी दिसते?’

‘काळी.’

‘कोणत्या डोळ्याने?’

ह्यांनी एक डोळा झाकला. मग दुसरा. ‘दोन्हींनी काळीच.’

‘मग उद्या सकाळी,’ आत्याबाई म्हणाल्या, ‘डोळे दाखवून ये.’