कंबर दुखते? हलत राहा

खानवेलकडे भाताच्या लावणीला वाकून,
सिल्वासाच्या कारखान्यात पाळीभर उभं राहून,
कंबर धरते.
बरी होते... पुन्हा धरते.

घाबरू नका.
बहुतेक वेळा हे दुखणं काही आठवड्यांत ओसरतं.
पण अंथरूण धरू नका.
झेपेल तेवढं हलत राहा.

ओझं उचलताना गुडघे वाकवा.
ओझं अंगाशी धरा.
बरं वाटलं, तरी रोजचं चालणं सोडू नका.

मात्र पायातली ताकद गेली,
जांघेत बधिरपणा आला,
लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला,
तर थांबू नका.
लगेच हॉस्पिटल गाठा.

एरवी एवढंच लक्षात ठेवा...
कंबर दुखली, तरी हलत राहा.